घोडबंदरचा किल्ला आणि एका अक्षराची शेपटी

ठाण्यात घोडबंदर रोड माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. त्या रस्त्यावर घर घेतलेले आणि तिथल्या कोंडीत रोज अडकणारे वाचकही पुष्कळ असतील. पण हा रस्ता ज्या बंदराच्या नावाचा, त्याच्या टेकडीवरचा किल्ला पाहिलेले ठाणेकर मला थोडेच भेटले. हल्ली तो मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतो, हेही एक कारण असावे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जे वाचले तेवढेच माझे भांडवल. त्यामुळे चुकाही पदरात पडल्या. वीस वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी या किल्ल्यावर लिहिले, त्यात दोन विधाने बिनदिक्कत उतरवली होती. एक, पोर्तुगीज या किल्ल्याला ‘काकाबे दि ताना’ म्हणत. दुसरे, तो १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

आधी जागा पाहू. कल्याणकडून आलेली उल्हास नदी ठाण्यापाशी दुभंगते. एक फाटा ठाण्याच्या खाडीत उतरतो, दुसरा साष्टीला उत्तरेकडून वळसा घालून वसईला समुद्राला मिळतो. ठाण्याहून वसईला जाणाऱ्या प्रत्येक गलबताला या टेकडीच्या नजरेखालूनच जावे लागे. पठारावर उभे राहिले की किल्ला इथेच का, हे विचारायची गरज उरत नाही.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना मिळाली. त्यांनी गावे आपल्या सरदारांना लावून दिली. गाव ज्याला मिळे त्याने ‘फोरो’ हा वार्षिक सारा भरायचा आणि प्रसंग पडला तर घोडा व हत्यार घेऊन हजर व्हायचे. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ मध्ये या खाडीने वसईला गेला. त्याने गावाचे नाव ‘ग्रेबोंदेल’ असे लिहिले आहे आणि टेकडीच्या माथ्यावर एका धनाढ्य सरदाराचे घर, गढी व चर्च एकत्र पाहिल्याचे नोंदवले आहे. म्हणजे हे निव्वळ लष्करी ठाणे नव्हते. एका जमीनदाराचा संसारही तिथे होता.

आता ‘काकाबे’. १५५४ च्या पोर्तुगीज महसूल नोंदवहीत वसईच्या मुलखातली ठिकाणे येतात, त्यात हे नाव आहे. पण पोर्तुगीज लिपीत ‘सी’ या अक्षराखाली शेपटी काढली की त्याचा उच्चार ‘स’ होतो. इंग्रजी छापखान्यात ती शेपटी गळाली आणि ‘कसबे’चे ‘काकाबे’ झाले. ‘कसबे ठाणे’! हे नाव ठाणे शहराचे, किल्ल्याचे नव्हे, असे माझे आता ठाम मत आहे. मराठी माणसाला ते ऐकताक्षणी कळायला हवे होते. मला उमगायला बारा वर्षे लागली.

दुसरी चूक त्याहून ढोबळ. मार्च १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजांनी ठाणे घेतले, त्याच मोहिमेत घोडबंदरही मराठ्यांकडे आले. वसई पडली १७३९ च्या मे महिन्यात. पुढे डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. साष्टी त्यांच्या हाती गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. घोडबंदर साष्टीतच आहे. मग पेशवाई बुडण्याची वाट पाहत ते १८१८ पर्यंत मराठ्यांकडे राहील कसे? साल पेशवाईचे, ते किल्ल्याला चिकटवले गेले, आणि चिकटवणाऱ्यांत मीही होतो.

इंग्रजांनी टेकडीवरच्या जुन्या चर्चच्या इमारतीचा बंगला केला. कलेक्टरसाहेब तिथे मुक्कामाला असत. तोफा गेल्या, वारा आणि खाडीचा देखावा राहिला, तो साहेबाला आवडला असणार.

गेल्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा किल्ल्यावर गेलो. कॉलेजची चार-पाच मुले आली होती. त्यांतला एक जण मोबाईलवर वाचून इतरांना माहिती सांगत होता, ‘काकाबे दि ताना’, १८१८, सगळे जसेच्या तसे. मी जवळ जाऊन म्हटले, “बाळ, हे मीही एकदा छापलंय, पण चुकीचं आहे.” तो म्हणाला, “काका, मग बरोबर काय?” बुरुजावर बसून मी त्याच्या वहीत ‘सी’ काढला आणि त्याखाली शेपटी.