फ्लॅटधारक आणि इमारतीची कागदपत्रे

सिंधीपुऱ्यातील आपल्या काही कुटुंबांचे फ्लॅट बुऱ्हाणपुरात आहेत, काहींच्या मुलांनी पुण्या-नाशिककडे घेतले आहेत. फ्लॅट विकायला किंवा कर्जाला काढला की बँक मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, जमिनीचे खरेदीखत मागते. ते बिल्डरच्या किंवा सचिवाच्या कपाटात असते आणि विचारले की ‘बघू’ असे उत्तर येते.

रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १९ प्रमाणे ताबा मिळाल्यावर इमारतीची आवश्यक कागदपत्रे व नकाशे मिळणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. मध्य प्रदेशातील तक्रार भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे करावी. रेरा येण्यापूर्वीच पूर्ण झालेल्या इमारतींना मात्र हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्रात फ्लॅट सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर सदस्याला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्ते विनाशुल्क पाहता येतात. प्रती हव्या असल्यास लेखी अर्ज व शुल्क द्यावे. अशा संस्थेला थेट माहिती अधिकाराचा अर्ज सहसा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम निकालापासून हे स्पष्ट आहे. महापालिकेकडून मंजूर नकाशा मागण्यासाठी मात्र तोच अर्ज कामाचा.

बँकेतील अनुभवावरून आम्हांला सर्वांत उपयोगी वाटतो तो दुय्यम निबंधक कार्यालयाचा मार्ग, आणि नेमका तोच लोक विसरतात. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत शुल्क भरून कोणालाही मिळते. तिथे बिल्डरची संमती लागत नाही. दस्त क्रमांक आणि वर्ष आपल्या खरेदीखतात सापडते का, ते आधी पाहावे.