संदर्भाची वाट

आधारावाचून काही लिहावयाचे नाही, अशी प्रतिज्ञा कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ याने केली होती. शास्त्रीय नियतकालिकांतील संदर्भांच्या मुळाशी हीच वृत्ती आहे; तिला ठराविक रूप मात्र फार उशिरा आले. १८८१ साली हार्वर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बिनशंखी गोगलगाईच्या अंड्यांवरील आपल्या प्रबंधात, मजकुरातच कंस करून लेखकाचे नाव व प्रकाशनाचे वर्ष दिले. त्यामुळे कोणाचे मत आधीचे, कोणाचे नंतरचे, हे वाचताक्षणीच उमगू लागले.

पुढे नियतकालिकागणिक पद्धती निराळ्या झाल्या. एकाने परत केलेला लेख दुसऱ्याकडे धाडावयाचा, तर सारी संदर्भसूची नव्याने लिहावी लागे. हा शीण वाचावा म्हणून १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले, आणि मजकुरातील क्रमाने आकडे देण्याची समान पद्धती त्यांनी ठरविली.

स्वल्पविराम व कंस यांचा हा काटेकोरपणा पुष्कळांना जाचक वाटतो. परंतु वर्ष वा पृष्ठांक चुकला, की लेखकाचे म्हणणे पडताळून पाहण्याची वाचकाची वाटच बुजते. ज्याच्या विहिरीचे पाणी प्यालो, त्याचे नाव घेणे हे सौजन्य होय. त्या विहिरीची वाट अचूक सांगणे हे कर्तव्य होय.