लायकी ठरवतो कोण? १९०२ चा करवीरचा आदेश आणि आजची मुलाखत



नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. इथे येणाऱ्यांना दत्ताच्या पादुका ठाऊक असतात. पण याच पंचगंगेच्या काठी, वर कोल्हापुरात, १८९९ साली जे घडले ते आपल्या तरुणांनी आधी समजून घ्यायला हवे. शाहू महाराज स्नानाला गेले असता त्यांचा पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. कारण? त्याच्या लेखी महाराज शूद्र होते. समोर छत्रपती उभा होता, पुरोहिताची उपजीविका त्याच्याच राज्यावर चालत होती, तरीही त्याला दिसला तो शूद्रच.

माणूस समोरच्याला जसा आहे तसा पाहत नाही. जात, आडनाव, बोली, कपडे यांतून आधीच तयार झालेली प्रतिमा पाहतो आणि त्या प्रतिमेवर निर्णय घेतो. समाजशास्त्रात याला पूर्वग्रह म्हणतात. कचेरीत मात्र त्याला 'लायकी' हे गोंडस नाव मिळते.

आकडे बघा. १८९४ मध्ये महाराज गादीवर आले तेव्हा दरबारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनांच्या ५०० जागांवर ब्राह्मणेतर फक्त १०. बाकीच्या समाजात अक्कलच नव्हती काय? नाही. निवडणाऱ्याच्या नजरेत ती नव्हती. आणि निवडणारे बदलत नव्हते, म्हणून नजरही बदलत नव्हती.

महाराजांनी ही नजर बदलण्याची वाट पाहिली नाही. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. याच आदेशातला दुसरा भाग आपण फारसा सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी नेमणुकांचे पत्रक सादर करायचे होते. म्हणजे अधिकाऱ्याच्या मनात काय आहे हे विचारायचे नाही, त्याच्या हातून काय झाले ते मोजायचे. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले. लायक माणसे आकाशातून पडली नाहीत. ती इथेच होती.

आता बडोद्याकडे पाहा. सयाजीराव गायकवाडही पुरोगामी राजे. बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाला त्यांनीच शिष्यवृत्ती दिली. पण १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला विद्वान त्यांना दिसला नाही, महार दिसला. राजाची नियत चांगली असून भागत नाही. कचेरीवर नियमाचा अंकुश लागतो.

मात्र एकटा नियमही पुरत नाही, हे कोल्हापूरनेच दाखवले. आदेश निघून दीड दशक उलटल्यावरही दरबारच्या पागेतील गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. लोकांच्या डोळ्यांसमोर चित्रच बदलले. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून जाहीरपणे मानले, तेही याच वाटेवरचे पाऊल होते.

'आता जात कोण बघतो?' असे आज म्हटले जाते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचा. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आडनावांना बोलावणे कमी आले. चेहरा पाहण्याआधीच निकाल! आणि सरकारी निवड समित्या 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवतात, तेव्हा तो पुरोहितच खुर्चीत बसलेला असतो.

म्हणून केवळ 'मने बदला' म्हणणाऱ्यांना आपण विचारले पाहिजे: तिमाही पत्रक कुठे आहे? निवड समितीत आपले कोण आहे? नाकारल्याचे कारण लेखी आहे का? आपापल्या कॉलेजात, बँकेत, साखर कारखान्यात, पंचायत समितीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. किती जागा, किती भरल्या, किती रिकाम्या, हे आकड्यांत मागा.

नजर बदलायला पिढ्या जातात. तोवर आपल्या मुलांनी दारात उभे राहायचे काय?

जय भीम! जय शाहू!