टाइट एंड : ड्राफ्टपूर्व पारख
अमेरिकन फुटबॉलमधला टाइट एंड म्हणजे दुहेरी कामाचा गडी. कधी अंगावर येणाऱ्या बचावपटूला थोपवायचे, तर कधी धावत जाऊन पास झेलायचा.

एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टआधी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीआधी, इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात 40 यार्डांची धाव मोजली जाते. पण पाय रोवून, प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर पंजे टेकवून टाइट एंड किती तग धरतो, हे सामन्याच्या चित्रफितीतच दिसते.

महाविद्यालयातले आकडे तर चक्क फसवतात. आयोवा विद्यापीठाचा टाइट एंड जॉर्ज किटल याने तिथे अवघे 48 पास झेलले होते. 2017 मध्ये तो पाचव्या फेरीत, 146 वा निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी पास झेलून एका मोसमात 1,377 यार्ड मिळवण्याचा टाइट एंडांमधला तत्कालीन विक्रम करून बसला. पुढे टाइट एंड म्हणून गाजलेला अँटोनियो गेट्स तर महाविद्यालयात बास्केटबॉल खेळायचा!

निवडीचा वरचा क्रमांकही सगळे सांगत नाही. 2021 मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या टाइट एंड काइल पिट्सने पहिल्याच मोसमात हजार यार्ड ओलांडले. टचडाउन मात्र एकच.