चैत्रगौरीच्या आराशीतील बाहुल्या : त्यांचे कपडे आणि जुन्या धर्तीची छोटी सजावट

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय तृतीयेला तिची बोळवण होते. मधला महिनाभर ती माहेरी आलेली असते, अशी आपल्याकडची समजूत. त्यामुळे तिच्यापुढच्या आराशीत घरातल्याच गोष्टी जास्त असतात. पायऱ्यांवर बाहुल्या, चूल-बोळकी, सावंतवाडीची लाकडी फळे, कलिंगडाचे कातरलेले कमळ, शेजारी कैरीची डाळ आणि पन्हे. बाहुल्यांना सणाचे कपडे घरीच शिवायचे, हा या आराशीचाच भाग होता. अलीकडे आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवातही बाजारातून आणलेल्या, चिकटवलेल्या लेसच्या बाहुल्या दिसू लागल्या. त्या वाईट नाहीत, पण सगळ्या एकाच घरच्या वाटतात.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी हे काम हाती घेतले. आमच्यापैकी एकाचा हात हिशेबाला बसलेला, दुसऱ्याचा सुईला. सभासदांनी वरचेवर विचारले म्हणून, जमले ते आणि फसले तेही इथे लिहून ठेवत आहोत.

आधी माप. सव्वापाच फूट उंचीची बाई ६३ इंचांची. बाहुली साडेदहा इंचांची असेल तर ती बरोबर सहावा हिस्सा. नऊवारी लुगडे म्हणजे ३२४ इंच, त्याचा सहावा हिस्सा ५४ इंच. पन्हा ४८ इंच धरला तर ८ इंच. तीन इंची काठ मात्र अर्ध्या इंचावर येतो, आणि सगळे घोडे इथेच अडते. खऱ्या लुगड्याचा काठ जसाच्या तसा लावला की बाहुली पोत्यात उभी केल्यासारखी दिसते. म्हणून अरुंद काठ शोधावा, नाहीतर रुंद काठाची एखादीच रेघ कापून घ्यावी. नक्षीचेही तेच. मोठ्या मोराचे कापड घेतले तर अंगभर एकच मोर येतो, तोही मुंडके नसलेला. गुळेदगुड्डच्या खणाची वीण दाट आणि नक्षी बारीक, म्हणून बाहुलीच्या कपड्यांसाठी आम्हाला खणासारखे दुसरे कापड सापडलेले नाही.

लांबी सहाव्या हिश्शाने कमी करता येते, कापडाची जाडी करता येत नाही, हे आम्हाला पहिली बाहुली झाल्यावर कळले. ५४ इंच नेसवले तर कंबरेशी गाठोडे झाले. आता आम्ही ३६ इंचच घेतो. त्यातले १४ इंच पदराला, साडेसहा-सात कंबरेच्या वेढ्याला आणि उरलेल्यात पाऊण इंचाच्या नऊ-दहा निऱ्या. निऱ्या धावदोऱ्याने कंबरेशी पक्क्या कराव्यात, मग त्यांचा खालचा मध्य पायांमधून मागे घेऊन कासोटा खोचावा आणि तिथेही दोन टाके घालावेत. पदर छातीवरून खांद्यावर न्यावा. एवढे झाल्यावर भाताची पातळ पेज बोटाने लावून निऱ्या चिमटीत दाबत जाव्यात आणि वरून सैल दोरा गुंडाळून बाहुली रात्रभर सावलीत वाळत ठेवावी. सकाळी दोरा सोडला की निरी जागची हलत नाही. टाचण्या लावून ठेवू नयेत. पेजेच्या ओलीने त्या गंजतात आणि डाग जात नाही.

परकर सोपा. कंबरेच्या तिप्पट घेर, म्हणजे १८ ते २० इंच, उंची सहा इंच, खाली खणाचा काठ, वर नाडीऐवजी चुणून घातलेली पट्टी. पोलके मात्र रडवते. त्याची बाही वेगळी जोडायच्या भानगडीत पडू नये. कापड दुमडून बाह्यांसकट एका तुकड्यात बेतावे, गळा लहान ठेवावा, पाठ उघडी ठेवून एक टिचबटण लावावे. खणाच्या कडेचे धागे भराभर सुटतात, म्हणून कापण्याआधीच रेघेवर डिंकाचे बारीक बोट फिरवावे आणि तो वाळल्यावर कात्री लावावी. नायलॉनची कड मेणबत्तीवर धरून बंद करतात ते पाहून कोणी सुती कापड ज्योतीवर धरू नये. नायलॉन वितळते, सूत पेट घेते.

कापड नवे की जुने? आमचे मत जुने. धुऊन धुऊन मऊ झालेले सूत लहान घडीत बसते, नवे फुगून उभे राहते. पण जुने कापड म्हणजे बहुतेक वेळा आईचे लुगडे, आणि तिथे कात्री चालवणे सोपे नसते. आमच्या ट्रंकेत एक इरकल होते. अंगाचे सूत शाबूत, लाल टोपपदराचे रेशीम घड्यांवर विरलेले. हात लावला की घडीवर चीर जाई. चार वर्षे ते आम्ही फक्त उन्हे दाखवून परत ठेवले. पाचव्या वर्षी कापले, घरातल्या बहिणींना न विचारता. धाकटीने आराशीत ते ओळखले आणि त्या दिवशी ती डाळ न खाता गेली. चूक आमची होती. कापण्याबद्दल आम्हाला आजही वाईट वाटत नाही, न विचारल्याबद्दल वाटते. म्हणून सांगतो, कात्री लावण्याआधी ज्यांचा त्या कापडावर हक्क आहे त्या सगळ्यांना फोन करावा. पुढच्या वर्षी उरलेला काठ घेऊन तिने स्वतः एक बाहुली नेसवून आणली. तिच्या निऱ्या आमच्यापेक्षा बऱ्या होत्या.

दक्षिण कर्नाटकात लेकीच्या लग्नात आईवडील रक्तचंदनाच्या बाहुला-बाहुलीची जोडी देतात आणि दसऱ्याच्या मांडणीत ती नव्याने सजवून ठेवतात. पट्टद गोंबे म्हणतात तिला. आपल्याकडच्या रुखवतातल्या बाहुल्या मांडव उतरला की माळ्यावर जातात. त्या खाली काढून चैत्रात मांडल्या तर निम्मे काम वाचेल.

सजावटीबद्दल थोडक्यात. थर्माकोल नसतानाही आरास होत होती. पतंगाच्या कागदाचे पाऊण इंची त्रिकोण दोऱ्यावर दुमडून चिकटवले की पताका झाल्या. बेगड अजून पूजासाहित्याच्या दुकानात मिळते. त्याची बोटभर पट्टी पुठ्ठ्याच्या कमानीला लावली की मखर उजळते. सहा रिकाम्या काडेपेट्या एकमेकींवर चिकटवून, प्रत्येक खणाला एक मणी लावला की बाहुलीचे कपाट. बारीक काचमण्यांचे तोरण तारेवर ओवावे, दोऱ्यावर ते लोंबते. झोपाळ्याच्या साखळीला तुटलेल्या गळ्यातल्याची साखळी चालते. दिवा मात्र या कागदांपासून हातभर लांब.

अक्षय तृतीयेनंतर प्रत्येक बाहुली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, वेखंडाचा तुकडा टाकून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी येते. मंडळाच्या पेटीतल्या बाहुल्यांच्या परकराच्या आत आम्ही एक कापडी चिठ्ठी शिवतो : कापड कोणाचे, कोणत्या साली दिले. नोंदवहीची जुनी सवय. सध्या पेटीत अकरा बाहुल्या आहेत. त्यांतल्या हिरव्या खणाच्या परकरातील चिठ्ठीवर फक्त ‘आजी’ एवढेच लिहिले आहे. कोणाची आजी, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी पुढच्या हळदीकुंकवाआधी कळवावे, म्हणजे नाव घालता येईल.