जलविमान आणि त्याची गरज

जळगांवचा मेहरूण तलाव पिंप्राळ्याच्या रहिवाशास परका नाहीं. भुसावळजवळचें हातनूरचें धरणही परिचयाचें आहे. पावसाळ्याअखेर हे जलाशय भरले, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत सहज येतें, कीं धांवपट्टीचा खर्च कशास? विमान या पाण्यावरच कां उतरूं नये? या प्रश्नाचें उत्तर जलविमानाच्या इतिहासांत सांपडतें.

यंत्रशक्तीनें पाण्यावरून प्रथम उड्डाण केलें तें फ्रान्समधील आंरी फाब्र यांनीं, ता. २८ मार्च १९१० रोजीं. जलविमानाला चाकांच्या जागीं होडीसारख्या पोकळ पेट्या बसविलेल्या असतात. पाणी तळास चिकटून राहूं नये म्हणून त्या तळाला मध्यें एक पायरी ठेवतात. वेग वाढला म्हणजे तिच्यामुळें विमान पाण्यापासून सुटतें. विमानाचें पोटच नौकेच्या आकाराचें असलें, तर त्यास उडती नौका म्हणतात.

हिंदुस्थानांत अशा नौका आल्या त्या मुख्यतः टपालाच्या निमित्तानें. १९३८ च्या सुमारास इंपीरियल एअरवेजच्या चार इंजिनांच्या उडत्या नौका कराचीहून निघून राजसमंद, ग्वाल्हेर व अलाहाबाद येथें उतरत आणि कलकत्त्यास जात. मेवाडच्या महाराणा राजसिंहांनीं सतराव्या शतकांत बांधविलेल्या तलावावर विलायतेचें टपाल उतरूं लागलें! कारण साधें होतें. विमानें अवजड झालीं होतीं आणि पक्क्या, लांब धांवपट्ट्या थोड्या होत्या. दुसऱ्या महायुद्धांत जागोजाग धांवपट्ट्या झाल्या, आणि १९५० सालीं ब्रिटिश विमान कंपनीनें उडत्या नौकांची वाहतूक बंद केली. पाणी होतें तेथेंच राहिलें; गरज मात्र सरली.

गरज कायम राहिली तेथें काय झालें, हें मालदीवांत दिसतें. सुमारें १२०० लहान बेटांच्या या देशांत १९७२ पासून पर्यटकांची वर्दळ सुरू झाली. बहुतेक बेटें इतकीं चिंचोळीं, कीं धांवपट्टीस जागा नाहीं. दूरच्या बेटावर बोटीनें जावें, तर तासचे तास मोडतात. १९९० नंतर तेथें जलविमानें आलीं. २०१३ सालीं दोन कंपन्या एक होऊन ट्रान्स मालदीवियन एअरवेजचा पसारा वाढला व तिच्या ताफ्यांत पन्नासांहून अधिक ट्विन ऑटर विमानें आलीं. खारें पाणी धातूस खातें, म्हणून तीं गोड्या पाण्यानें धुवावीं लागतात. रात्रीं उड्डाण नाहीं. एवढी अडचण सोसूनही धंदा चालतो, कारण राजधानी मालेजवळच दुरुस्तीची सोय आहे आणि प्रवाशास दुसरा सोयीचा मार्ग नाहीं.

आपल्याकडील प्रयोगांची कथा निराळी आहे. ता. ३० डिसेंबर २०१० रोजीं अंदमानसाठींच्या 'जल हंस' सेवेचें उद्घाटन झालें. ऑगस्ट २०१४ मध्यें जुहूहून लोणावळ्यानजीकच्या आंबी व्हॅलीपर्यंत जलविमान निघालें. पण त्या वाटेवर द्रुतगति मार्ग २००२ सालींच पूर्ण झाला होता. ता. ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं साबरमतीहून नर्मदाकांठच्या केवडियास सेवा सुरू झाली. तिचें विमान मालदीवहून आणलेलें. देखभालीसाठीं तें पुनः तिकडेच पाठवावें लागे. एप्रिल २०२१ मध्यें ती सेवा थांबली. तिन्हीं ठिकाणीं पाण्याची उणीव नव्हती. पण एकही सेवा टिकली नाहीं.

खानदेशच्या शेतकऱ्यास याचें मर्म सांगावें लागत नाहीं. विहिरीस पाणी आहे एवढ्यानें मोट चालत नाहीं. बैल हवे, नाडा हवा, नाडा तुटल्यास सांधणारा हात हवा, आणि मुख्य म्हणजे तहानलेलें शेत हवें. ज्या धरणांवर गांवांची तहान व पिकांची आशा अवलंबून आहे, तेथें जलविमान आणूं पाहणाऱ्यानें, पाणी किती आहे, हें नंतर मोजावें. दुसरी वाट नसलेला प्रवासी तेथें रोज येणार आहे काय, हें आधीं पाहावें.