वाचाल तर वांचाल

जून महिना. तुम्ही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात उभे आहात. शाळा सुरू होताहेत, वह्यांच्या गठ्ठ्यांतून पाय टाकायला जागा नाही. एका दुकानाच्या पाटीखाली रंगवले आहे : 'वाचाल तर वाचाल'. लहानपणापासून हे वाक्य तुम्ही शाळेच्या भिंतीवर पाहत आलात आणि एकच क्रियापद दोनदा आले आहे असे धरून चाललात. पण ही क्रियापदे दोन आहेत, दोन वेगळ्या कुळांतली. ती सारखी दिसू लागली त्याला फार वर्षे झालेली नाहीत. चला मागे.

१३ जुलै १९६१. काल पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. नारायण पेठेतल्या वाड्याच्या भिंतीवर तुमच्या डोक्याच्याही वर पाण्याची रेघ उमटली आहे. अंगणात घोट्याएवढा चिखल. कठड्यावर पुस्तके वाळत घातली आहेत. फुगून दुप्पट झालेली, पाने एकमेकांना चिकटलेली. ती पुन्हा कुणाला वाचता येणार नाहीत. तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसून मुंबईच्या काकांना कार्ड लिहिताय : आम्ही सर्व वांचलो. 'वा'वर तुमचा हात आपोआप टिंब देतो. बोलताना ते कुणीच उच्चारत नाही, पण मास्तरांनी ते बोटांत भिनवले आहे. पुस्तक वाचायचे ते बिनटिंबाचे, जीव वांचायचा तो टिंबाचा. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

पुढच्याच वर्षी, १९६२ साली, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकार मान्य करील आणि उच्चारात नसलेले अनुस्वार जातील. मुलांची सुटका होईल, ते योग्यच. पण या एका टिंबासाठी मला हळहळ वाटते. कारण ते म्हणजे संस्कृत 'वञ्च्' या धातूतल्या 'ञ'ची उरलेली खूण. वञ्च् म्हणजे वाकडे जाणे, निसटणे, चुकवणे. मृत्यूला चुकवून निसटला तो वांचला. ज्याच्या हातून हक्काची वस्तू निसटवली, तो वंचित. वांचलेला आणि वंचित ही एकाच धातूची लेकरे आहेत.

ते पाहायला आणखी मागे या. १८५५, बुधवार पेठ. सात वर्षांपूर्वी, १८४८ साली, याच पेठेत दोन गोष्टी घडल्या आहेत. बुधवार वाड्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने ग्रंथालय सुरू झाले, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. आणि भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. आता लोकांच्या हातात 'ज्ञानोदय'चा अंक आहे. त्यात मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापला आहे, मांग-महारांच्या दुःखाविषयी. मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली. ज्यांना वाचण्यापासून वंचित ठेवले, त्यांच्यातली एक मुलगी लिहिते आहे आणि पुणे ते वाचते आहे. क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात बदलतो त्याआधी तो असा माणसांत बदलतो : तोवर मोजक्यांचे असलेले क्रियापद तिने आपल्यासाठी चालवले.

आता १७६१. पानिपत होऊन काही आठवडे झाले आहेत. कसब्यातल्या एका वाड्याच्या ओसरीवर तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. कारकुनाने पत्राची घडी उलगडली. मोडी अक्षरे, आधी आडवी रेघ ओढून खाली अखंड लिहिलेली. शब्द कुठे तुटतो ते डोळ्याला कळत नाही, जिभेला कळते. म्हणून तो मोठ्याने वाचतो. इथे 'वाचणे' अजून आपल्या जन्माला धरून आहे. ते 'वच्'पासून आले. वच् म्हणजे बोलणे, आणि त्याचे प्रयोजक रूप 'वाचयति', म्हणजे बोलायला लावणे. कागद मुका असतो, कारकून त्याला बोलायला लावतो. विश्वासराव गेले. भाऊसाहेबांचा ठिकाणा नाही. मल्हारराव होळकर वांचले. पुढे नावे येत राहतात आणि थांबतात. माजघराच्या दाराआडून बाईंचा आवाज येतो, "काका, पुन्हा वाचा. नाव नजरेतून सुटलं असेल."

तो पुन्हा वाचतो. कोण वांचले, हे कळायला वाचण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

या 'वाचून'साठी शेवटचा टप्पा. १२९०, शके १२१२. आळंदीचे ज्ञानदेव नेवाशात बोलत आहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत. तुम्ही श्रोत्यांत बसा आणि कान द्या : 'वांचूनि' हा शब्द परत परत येतो. अर्थ : शिवाय, खेरीज. सगळे जाऊन जे उरते, निसटून मागे राहते, त्यावरून हा 'वांचून' झाला. आज तुम्ही 'तुझ्यावाचून करमत नाही' म्हणता, तेव्हा सातशे वर्षांपूर्वीचा हाच शब्द उच्चारता. आणि 'पुस्तक वाचून' नि 'पुस्तकावाचून' या दोहोंतला भेद मराठी पोराला कुणी शिकवावा लागत नाही.

परत चौकात आलात. पाटी तशीच आहे. कधी शाळेची भिंत रंगवायची वेळ तुमच्यावर आली, तर दुसऱ्या 'वा'वर टिंब द्या आणि मुलांनी विचारले की त्यांना पानशेतची, पानिपतची आणि मुक्ताची गोष्ट सांगा. आजच्या नियमाने ते टिंब चूक आहे. १९६२ पर्यंत ते बरोबर होते.